गोळी बदलते तेव्हा

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



व्यासपीठावर उभे राहून बोलण्याचा मला सराव नाही. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. हळदीकुंकवाच्या दिवशी पन्हे करायचे आणि दिवाळीच्या फराळाला चकलीच्या भाजणीचे प्रमाण सांभाळायचे, एवढेच माझे मंडळातले काम. यंदा चिटणीसबाई म्हणाल्या, "दरवर्षी आपण बाहेरून पाहुण्या आणतो. या वेळी आपल्यापैकीच कुणीतरी आरोग्यावर बोलावं." मी जरा विचार केला आणि म्हटले, "बोलेन. पण विषय माझा मी निवडीन." त्यांनी विषय ऐकला, क्षणभर गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "बोला. याची गरज आहे."

विषय असा. मन खचण्याच्या आजारावर, म्हणजे ज्याला डॉक्टर नैराश्य किंवा डिप्रेशन म्हणतात त्यावर, ज्या गोळ्या देतात त्या कधीकधी बदलाव्या लागतात. एक गोळी सोडून दुसरीवर जाताना बाईला जो त्रास होतो तो कसा सोसावा, त्यात काय करावे आणि काय करू नये, हे मी आज सांगणार आहे. मी डॉक्टर नव्हे. पण या वाटेने मी चालून आले आहे आणि माझ्या डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावले ते मी नीट ऐकून घेतले आहे.

हे भाषण करू नये असे मला दोघीतिघींनी सांगितले. त्यांचा हेतू वाईट नव्हता. माझी मुलगी लग्नाची आहे. आईला मनाचा आजार आहे असे चारचौघांत कळले तर स्थळे मागे फिरतील, अशी त्यांना काळजी. मी मुलीलाच विचारले. ती म्हणाली, "आई, ज्या घराला तुझ्या गोळीची लाज वाटेल, त्या घरात मला एखाद दिवशी गोळी लागली तर काय होईल?" यावर मला उत्तर सुचले नाही, म्हणून मी आज येथे उभी आहे. झाकली मूठ सव्वा लाखाची हे खरे. पण मुठीत निखारा असेल तर ती उघडलेलीच बरी.

आजाराविषयी थोडक्यात सांगते. सहा वर्षांपूर्वी मला तो जडला. घरात काही उणे नव्हते. नवरा निर्व्यसनी, मुले गुणी, सासूबाई तोंडाने फटकळ पण मनाने मायाळू. तरी पहाटे तीनला जाग यावी आणि आता उठून काय करायचे असे वाटावे. जेवणाची चव गेली, देवपूजेतले लक्ष गेले, केस विंचरायचेही ओझे वाटू लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या आजाराला कारण असलेच पाहिजे असे नाही आणि तो आळस नव्हे. त्यांनी एक गोळी सुरू केली. तिचे नाव पॅरॉक्सेटिन. तीन-चार आठवड्यांनी हळूहळू उजाडल्यासारखे वाटू लागले.

या औषधांना कुणी नवे फॅड म्हणू नये. या जातीचे इमिप्रॅमिन नावाचे औषध रोलंड कून या स्वित्झर्लंडमधल्या डॉक्टरांनी १९५७ साली जगापुढे मांडले. म्हणजे आमच्या सासूबाई रांगत होत्या तेव्हापासून ही औषधे आहेत. आज पुष्कळांना देतात त्या नव्या पिढीतल्या फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत १९८७ साली मान्यता मिळाली. तेव्हापासून जगभर असंख्य माणसांनी ही औषधे घेतली आहेत.

मग चांगली चाललेली गोळी बदलायची कशाला? त्याची कारणे निरनिराळी असतात. कुणाला पुरेसा डोस चार ते सहा आठवडे घेऊनही गुण येत नाही. कुणाला गुण येतो, पण वजन वाढते, घाम येतो, झोप उडते किंवा दिवसभर पेंग येते. कुणाला दुसऱ्या आजाराचे औषध सुरू होते आणि दोघांचे जमत नाही. कुणा सुनेला दिवस राहायचे असतात, तेव्हाही डॉक्टर औषधाचा पुन्हा विचार करतात. माझे म्हणाल तर तीन वर्षांत अकरा किलो वजन वाढले, साखर वर सरकू लागली आणि दुपारी बसल्या जागी डोळे मिटू लागले. म्हणून गोळी बदलायचे ठरले. गोळी बदलली म्हणजे आपण बऱ्या होण्याच्या पलीकडे गेलो असे मुळीच नाही. एका साबणाने हात खरखरीत झाले तर आपण दुसरा आणतो, कपडे धुण्याचे सोडून देत नाही.

बदलण्याच्या रीती तीन आहेत, असे मला समजावण्यात आले. काही गोळ्या अशा असतात की आज जुनी थांबवून उद्या नवी सुरू करता येते. काही वेळा जुनी थोडी थोडी कमी करत जातात आणि त्याच वेळी नवी थोडी थोडी वाढवत नेतात. आणि काही औषधांमध्ये जुने पूर्ण थांबवून, ते शरीरातून निघून जाईपर्यंत काही दिवस, क्वचित काही आठवडे, मधे रिकामे सोडावे लागतात. यांतली कोणती रीत कुणाला लावायची हे गोळीच्या जातीवर आणि माणसाच्या प्रकृतीवर ठरते. म्हणून शेजारणीने कशी बदलली हे पाहून आपण बदलायची नाही. माझा डोस किती होता हे मी मुद्दामच सांगत नाही. माझ्या मापाचे पोलके तुम्हांला बसणार नाही आणि माझा डोसही तुम्हांला चालणार नाही.

मला दुसरी रीत सांगितली होती. पॅरॉक्सेटिन पायरीपायरीने उतरवायची आणि सर्ट्रालिन नावाची गोळी लहान डोसापासून चढवायची. डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावले होते, "पॅरॉक्सेटिन आणि व्हेनलाफॅक्सिन ही औषधं शरीरातून लवकर उतरतात, त्यामुळे कमी करताना जास्त जाणवतात. फ्लुओक्सेटिन सावकाश उतरतं, त्याचा त्रास कमी. तुम्हांला काही दिवस जड जातील. घाबरू नका, पण मला कळवा."

पहिली पायरी उतरल्यावर तिसऱ्या दिवशी त्रास सुरू झाला. गॅसवरच्या दुधाकडे बघायला नजर वळवली की डोक्यात झणकन वीज चमकल्यासारखे व्हायचे. ओल्या हाताने जुन्या मिक्सरला स्पर्श झाला की झिणझिणी येते ना, तसे. उठताना भोवळ येई. रात्री इतकी खरीखुरी स्वप्ने पडत की सकाळी ती खोटी आहेत असे स्वतःला समजवावे लागे. त्यातच नव्या गोळीने मळमळ आणि जुलाब सुरू झाले; फोडणीचा वास सहन होईना. आणि रडू तर असे, की दूध उतू गेले म्हणून मी ओट्याला टेकून पाच मिनिटे रडले.

सासूबाई म्हणाल्या, "त्या गोळ्यांनीच तुझं डोकं फिरवलंय. सोड सगळ्या, आणि माझ्याबरोबर रामरक्षा म्हण." शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, जुनी गोळी बरी होती, तीच परत घे." दोघींची माया खरी होती, पण एकीचे ऐकले तर दोन्ही गोळ्या जातात आणि दुसरीचे ऐकले तर सगळे पहिल्या जागी येते. रामरक्षा मी म्हटली, आजही म्हणते. तिच्यात आणि गोळीत भांडण नाही. गोळीचे मात्र मी डॉक्टरीणबाईंनाच विचारले. यांनी फोन लावून दिला. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "पुढची पायरी इतक्यात उतरायची नाही. आहे त्याच डोसावर आणखी दोन आठवडे थांबू." एवढ्या एका वाक्याने माझा अर्धा भार उतरला. भगिनींनो, आजच्या भाषणातले एकच लक्षात ठेवायचे असेल तर हे ठेवा: त्रास झाला की गोळी सोडायची नसते, डॉक्टरांना सांगायचे असते. वेग कमी करता येतो, गोळीची वेळ बदलता येते, आणि नवी गोळी मानवलीच नाही तर तिसरीही असते. पण आपण सांगितल्याशिवाय त्यांना कळणार कसे?

आता एक मोठा प्रश्न. हा त्रास गोळी बदलल्याचा, की जुना आजारच परत आला? घरची माणसे येथेच गोंधळतात. मला सांगितलेली ओळख अशी. जुनी गोळी कमी केल्याचा त्रास थोड्याच दिवसांत सुरू होतो आणि त्यात शरीराच्या तक्रारी पुढे असतात: भोवळ, डोक्यातली वीज, मळमळ, घाम, विचित्र स्वप्ने. या तक्रारी मूळ आजारात नव्हत्या. बहुतेकांना हा त्रास एकदोन आठवड्यांत ओसरतो; काहींना मात्र कित्येक आठवडे, क्वचित महिनेही लागतात. नव्या गोळीचा मळमळीसारखा त्रासही बहुधा पहिल्या एकदोन आठवड्यांत कमी होत जातो. मूळ आजार परत येतो तो मात्र सावकाश, काही आठवड्यांनी, आणि जुन्याच पावलांनी: पहाटेची जाग, गेलेली चव, कशातच मन न रमणे. ही ओळख आपल्या माहितीसाठी आहे. निवाडा डॉक्टरांनी करायचा.

आपल्या भागात भाताची लावणी सगळ्यांनी पाहिली आहे. तरव्यातली रोपे उपटून खाचरात लावली की चार दिवस ती पिवळी पडतात, माना टाकतात. म्हणून कुणी ती उपटून फेकत नाही, की परत तरव्यात नेऊन लावत नाही. पाणी धरून ठेवतात आणि रोज बांधावरून नजर टाकतात. गोळी बदलतानाचे दिवस हे असे आहेत.

ही नजर ठेवण्यासाठी मी एक साधी वही केली. शाळेची शंभर पानी वही. रोज रात्री चार ओळी: आज कोणती गोळी किती वाजता घेतली, झोप किती तास लागली, काय त्रास झाला, आणि मन दहापैकी किती. ज्या दिवशी हात चालेना त्या दिवशी मुलीने लिहिले. पंधरा दिवसांनी पाने उलटली तेव्हा दिसले की डोक्यातली वीज रोज दहा-बारा वेळा चमकायची ती दोन-तीनवर आली आहे. वही नसती तर मी शपथेवर सांगितले असते की काहीच फरक नाही. आजारी मनाला बरे दिवस आठवत नाहीत, ते लिहूनच ठेवावे लागतात. आणि डॉक्टरांकडे पाच-दहा मिनिटे मिळतात तेव्हा वही पुढे केली की सगळे सांगून होते.

आता घरगुती उपायांकडे वळते. हे उपाय गोळीऐवजी नव्हेत, गोळीबरोबर करायचे आहेत.

मळमळ होत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी जेवणानंतर घ्यावी. उपाशीपोटी ती जास्त खवळते. एकदम पोटभर जेवू नये. भाताची पेज, लाह्या, मऊ भात असे थोडे थोडे चारपाच वेळा घ्यावे. आल्याचा तुकडा चघळला तर बरे वाटते. फोडणी घरच्या दुसऱ्या कुणाला टाकू द्यावी. त्यात कमीपणा नाही, आमच्या यांना त्या दिवसांत आमटी येऊ लागली.

तोंडाला कोरड पडत असेल तर पाण्याचे घोट घ्यावेत, बडीशेप चघळावी, रात्री दात घासून झोपावे. कोरड्या तोंडात दात लवकर किडतात. बद्धकोष्ठ झाल्यास पाणी, पालेभाजी आणि संध्याकाळचा फेरफटका. जुलाब होत असतील तर मीठसाखरेचे पाणी घेत राहावे.

भोवळ येत असेल तर अंथरुणावरून एकदम उठू नये. आधी कुशीवर, मग बसून, मग भिंतीला धरून उभे राहावे. त्या दिवसांत स्टुलावर चढून माळ्यावरचे डबे काढणे, स्कूटर चालवणे, तळणाची मोठी कढई एकटीने उचलणे ही कामे बंद.

झोप उडत असेल तर दुपारनंतर चहा नको. काही गोळ्या झोप उडवतात, त्या डॉक्टर सकाळी घ्यायला सांगतात. मिरटाझापिनसारख्या काही गुंगी आणतात, त्या रात्री देतात. आपली गोळी कोणत्या जातीची ते विचारून घ्यावे आणि वेळ बदलायची ती विचारूनच. घरात कुणी दारू घेत असेल आणि गोळीही चालू असेल, तर दोन्ही एकत्र चालत नाहीत हे पुरुषमाणसांच्याही कानावर घालावे.

उपासाविषयी मला नेहमी विचारतात. एकादशी असो, नवरात्र असो, मार्गशीर्षातला गुरुवार असो, औषधाला उपास नाही. निर्जळी उपास त्या दिवसांत धरूच नये. गोळी उपाशीपोटी सोसत नसेल तर साबुदाणा, राजगिरा जे चालते ते खाऊन घ्यावी. एखादी गोळी चुकून राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन एकदम घेऊ नयेत.

यापुढची गोष्ट नीट ऐका, कारण येथे घात होऊ शकतो. एकाच औषधाला निरनिराळ्या कंपन्यांची निरनिराळी नावे असतात. मोठ्या अक्षरांतले नाव कंपनीचे. खरे औषध बारीक अक्षरांत छापलेले असते. गोळी बदलण्याच्या काळात घरात दोन जातींच्या पट्ट्या असतात. एकदा दुकानदाराने नव्या गोळीची दुसऱ्याच कंपनीची पट्टी दिली. तिचा रंग निराळा, नाव निराळे. सासूबाईंना वाटले ही तिसरीच गोळी. मुलीने चष्मा लावून बारीक अक्षरे वाचली तेव्हा आत सर्ट्रालिनच निघाले. तेव्हापासून आम्ही दोन डबे केले: जुन्या गोळीला निळ्या झाकणाचा, नव्या गोळीला लाल. डब्यावर चिठ्ठी, चिठ्ठीवर औषधाचे खरे नाव, किती मिलिग्रॅम आणि कोणत्या तारखेपर्यंत. ज्या भगिनींना किंमत परवडत नाही त्यांनी जनऔषधी केंद्रात खऱ्या नावाने विचारावे. तेथे ही औषधे बरीच स्वस्त मिळतात.

गोळी अर्धी करायला सांगितली असेल तरच अर्धी करावी. औषध दिवसभर सावकाश सुटावे अशा बनावटीच्या गोळ्या असतात. त्या तोडायच्या, कुटायच्या नसतात, आणि कॅप्सूल उघडायची नसते. शिवाय दुसऱ्या कुठल्याही डॉक्टरांकडे गेलात तर मनाची गोळी चालू आहे हे लाज न धरता सांगावे. ट्रामाडॉल नावाची दुखण्याची गोळी, खोकल्याची काही औषधे, डोकेदुखीवरच्या काही गोळ्या यांचे आपल्या गोळीशी जमत नाही. आयब्युप्रोफेनसारखी दुखण्यावरची गोळी या गोळ्यांबरोबर वारंवार घेतली तर पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो. काढे, चूर्णे, मुळ्या घेत असाल तर तेही सांगावे.

काही त्रास मात्र सोसायचे नसतात. ही यादी घरातल्या मोठ्या माणसांनी पाठच करावी. ताप, थरकाप, खूप घाम, छातीत धडधड, स्नायूंना झटके, जुलाब आणि भ्रमिष्टासारखे बोलणे ही लक्षणे एकत्र दिसू लागली तर लगेच दवाखाना गाठावा. दोन औषधे शरीरात एकमेकांवर चढली म्हणजे असे होते आणि ते जिवावर बेतू शकते. म्हाताऱ्या माणसाला या गोळ्यांवर असताना डोकेदुखी, सुस्ती आणि गोंधळ वाटू लागला तर रक्तातले मीठ उतरले असण्याचा संभव असतो. तपासणी लगेच करावी. अंगावर पुरळ, चेहऱ्याला सूज, श्वासाला त्रास झाला तर थांबू नये. आणि एखादी बाई अचानक दोन-दोन तासच झोपू लागली, तरी थकेना, बोलणे थांबेना, पैसा उधळू लागली, तर ती बरी झाली असे समजून पेढे वाटू नका. तेही डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे.

आणखी एक गोष्ट आहे. ती सांगताना माझा आवाज कापला तर समजून घ्या. गोळी सुरू करताना, बदलताना किंवा डोस वाढवताना-कमी करताना काहींच्या मनात मरणाचे विचार येतात. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींवर तर विशेष लक्ष ठेवावे लागते. २००४ साली अमेरिकेच्या औषध खात्याने या औषधांच्या वेष्टनावर मुलांविषयी तसा इशारा छापायला लावला आणि २००७ साली तो चोवीस वर्षांपर्यंतच्या तरुणांसाठीही वाढवला. माझे वय त्याहून पुष्कळ जास्त, तरी त्या दिवसांत एका रात्री मलाही तसा विचार आला. आमच्या घरात आधीच ठरले होते की असा विचार आला तर वेळकाळ न बघता बोलायचे. रात्रीचा दीड वाजला होता. मी यांना उठवले आणि सांगितले. यांनी "असं कसं तुला वाटतं?" म्हणून विचारले नाही, मुलांची शपथ घातली नाही. दोन्ही डबे कपाटात ठेवून किल्ली खिशात घातली, माझ्याजवळ बसून राहिले आणि उजाडताच मला डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. त्या दिवसानंतर दोन महिने गोळी यांच्याच हातून मिळे. मला त्याचा अपमान वाटला नाही, आधार वाटला.

ज्यांच्या घरी असा सोबती नाही त्यांच्यासाठी सांगते. टेलिमानस नावाची सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आहे. फोन नंबर १४४१६. रात्री-अपरात्री केव्हाही लावावा, पैसे पडत नाहीत, मराठीतून बोलता येते. हा नंबर मंडळाच्या फळ्यावर आजपासून लिहून ठेवावा अशी माझी विनंती आहे. जिल्हा रुग्णालयांत मनाच्या आजारावर उपचार मिळतात, आणि ठाणे, पुणे, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. २०१७ साली मानसिक आरोग्याचा कायदा झाला. त्यात अशा उपचारांचा हक्क प्रत्येकाला दिला आहे, आणि विमा देताना मनाच्या आजाराला शरीराच्या आजारासारखेच धरावे असे म्हटले आहे.

आता घरच्यांसाठी दोन शब्द. त्या दिवसांत बाईला "मन घट्ट कर" म्हणू नका. घट्ट करायला मन हाताशी असते तर ती डॉक्टरांकडे गेली कशाला असती? त्याऐवजी एक काम उचला. पाणी भरा, मुलांना शाळेत सोडा, गोळीची आठवण करा, दवाखान्यात सोबत जा. आमच्या सासूबाईंनी त्या दिवसांत मला एकदाही समजावले नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांचा स्वभाव तसा नाही! पण रोज सकाळी सातला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवून "घे ती तुझी लाल डब्यातली" असे त्या म्हणू लागल्या. गोळी सोड म्हणणारी बाई गोळीची आठवण करू लागली, यापरते मला दुसरे काय हवे होते?

नवरा-बायकोमधली एक नाजूक गोष्टही सांगितली पाहिजे, कारण तिच्यापायीच कित्येक जणी मुकाट्याने गोळ्या सोडून देतात. यांतल्या बऱ्याच गोळ्यांनी जवळिकीची इच्छा कमी होते. तो बाईचा रुसवा नव्हे आणि प्रेम आटले असेही नव्हे. पुरुषांनाही हा त्रास होतो. डॉक्टरांपुढे हे बोलायला जीभ रेटत नसेल तर वहीत लिहून वही पुढे करावी. मी तसेच केले. त्यावरही त्यांच्याजवळ उपाय असतात.

ठरलेल्या सहा आठवड्यांच्या जागी मला दहा आठवडे लागले. त्यानंतर दीड-दोन महिन्यांनी दुपारची पेंग गेली. आज दोन वर्षांनी वजन सहा किलोंनी उतरले आहे. सगळे छान झाले असे मात्र सांगणार नाही. हाताला घाम येतो, चकली वळताना मधेच हात पुसावा लागतो. कधीकधी मन दहापैकी पाचवरच राहते. पण पहाटे तीनला आता मी झोपलेली असते. गोळी किती दिवस घ्यायची ते डॉक्टरीणबाई ठरवतील, आणि थांबवायची वेळ येईल तेव्हाही पायरीपायरीनेच उतरायची, हे मला ठाऊक आहे. दुखणे हत्तीच्या पायांनी येते आणि मुंगीच्या पायांनी जाते.

शेवटी मंडळापुढे एक सूचना ठेवते. बाळंतिणीला डबा पोचवण्याची आपल्या मंडळाची जुनी चाल आहे. कुणाच्या घरी ऑपरेशन झाले तर आपण पाळीपाळीने जातो. तशीच पाळी या आजारासाठीही लावावी. कुणाची गोळी बदलत असेल तर तिला चार-सहा आठवडे एकीने रोज भेटावे, एकीने दवाखान्यात सोबत करावी, आणि कानावर आलेले बाहेर जाऊ देऊ नये. नाव सांगायचे की नाही हे ज्या त्या बाईने ठरवावे. मी सांगितले म्हणून सगळ्यांनी सांगितलेच पाहिजे असे नाही. पहिले नाव सोबतीणींच्या यादीत माझे लिहून घ्यावे.